न पाहिलेल्या चित्राचा वाद



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की एखाद्या लढाईची, तहाची किंवा राजघराण्याची हकीकत ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असते व ती योग्यच आहे. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहोत तीतही एक लढाई आहे. पण ती एका चित्राबद्दलची आहे, आणि विशेष असे की, ते चित्र कोणीही पाहिलेले नसतानाच तिची तयारी पुरी झाली होती. विषय संगणकावरील एका खेळाचा आहे. ‘मुलांच्या खेळाचा कसला इतिहास?’ असे कोणाच्या मनात आले तर त्यांनी थोडा धीर धरावा. हा खेळ ज्यांनी लहानपणी खेळला ती माणसे २०२२ साली चाळिशीच्या आसपास पोचली होती, आणि हा वाद त्यांनीच घातला होता.

प्रथम खेळाची जात समजून घेऊ. या खेळात धावपळ नसते व नेमबाजीही नसते. पडद्यावर एक दृश्य असते : बंदरातील गल्ली, दारूचा गुत्ता, रात्रीचा समुद्रकिनारा. माऊसचा बाण एखाद्या वस्तूवर नेऊन टिचकी मारली की नायक तिकडे चालत जातो, ती उचलतो, उघडतो, किंवा कोणी माणूस असेल तर त्याच्याशी बोलू लागतो. कुलपाची किल्ली कोठे आहे, ती ज्याच्यापाशी आहे त्याला काय देऊन खूष करावे, असे कोड्यामागून कोडे सोडवीत गोष्ट पुढे न्यावयाची. कोडे सुटेना तर खेळणारा त्याच दृश्यापुढे तासच्या तास बसून राहतो. कोपऱ्यातील पिंप आणि भिंतीवरील दिवा त्याला पाठ होतो. आपल्या आजोळच्या घराचा जिना जसा डोळे मिटूनही आठवावा, तशी ही चित्रे त्याला आठवतात. पुढचा सारा प्रकार समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

अमेरिकेतील लुकासफिल्म गेम्स या संस्थेने १९८७ साली ‘मेनिॲक मॅन्शन’ नावाचा असा एक खेळ काढला. तो रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी रचला होता. त्यानंतर १९९० साली गिल्बर्ट यांनी डेव्ह ग्रॉसमन व टिम शेफर या दोघा सहलेखकांच्या मदतीने ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा खेळ लिहिला. चाचा होण्याची हौस असलेला गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भाबडा तरुण, लेचक नावाचा भुताळी चाचा, आणि एलेन मार्ले नावाची शहाणी व करारी गव्हर्नर, अशी ही विनोदी कथा आहे. नायकाच्या नावाची कूळकथा आमच्या विषयाला धरूनच आहे. प्रारंभी त्याला नावच नव्हते. इंग्रजीत ‘गडी’ या अर्थी जो ‘गाय’ शब्द आहे त्यानेच त्याचा उल्लेख होई. ज्या साधनाने त्याचे चित्र काढले होते त्यात अशा चित्राच्या तुकड्याला ‘ब्रश’ म्हणत. दोन्ही शब्द जोडले गेले आणि गायब्रश हेच नाव कायम झाले. म्हणजे या नायकाचे बारसे चित्रकाराच्या मेजावर झाले म्हणावयाचे.

त्या काळच्या पडद्यावर हे चित्र आडवे ३२० व उभे २०० ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ६४,००० ठिपक्यांचे असे. या ठिपक्यालाच पिक्सेल म्हणतात. रंग अवघे १६, आणि तेही यंत्राने ठरवून दिलेले. एवढ्या सामग्रीत कॅरिबियन समुद्रावरील रात्र रंगवावयाची होती. मार्क फेरारी या चित्रकाराने दोन रंगांचे ठिपके एकाआड एक मांडून डोळ्याला तिसऱ्याच छटेचा भास व्हावा अशी युक्ती वापरली. लुगड्याच्या पोतात उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा असला म्हणजे जशी धूपछाव दिसते, तसाच हा प्रकार. निळ्याकाळ्या आकाशाखाली मिणमिणणारे मेले बेट ज्यांनी त्या वेळी पाहिले, ते त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

परंतु येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. हा खेळ १६ रंगांत निघाला, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत २५६ रंगांतही निघाला. दुसऱ्या आवृत्तीत दृश्यांचे रंग बदलले, आणि पात्रांचे जवळून दिसणारे चेहरे तर नव्याने रंगविले गेले. दोन्ही आवृत्त्या त्याच कर्त्यांच्या. मग ‘मूळ’ कोणती म्हणावी? ज्याच्या घरी जे यंत्र होते त्याच्यापुरते तेच मूळ ठरले.

१९९१ साली दुसरा भाग, ‘लेचक्स रिव्हेंज’, प्रसिद्ध झाला. त्यात स्टीव्ह पर्सेल व पीटर चॅन यांनी कागदावर खऱ्या रंगांनी चित्रे काढली व ती यंत्राद्वारे संगणकात उतरवून घेतली. ही त्या काळची नवलाई होती. खेळाचा शेवट मात्र असा विलक्षण केला होता की, जे पाहिले ते खरे की कोणा मुलाची कल्पना, असा संभ्रम खेळणाऱ्याच्या मनात राहावा. १९९२ साली गिल्बर्ट यांनी ती संस्था सोडली. शेवटाचा उलगडा झाला नाही, आणि कर्त्याच्या मनातील तिसरा भाग मनातच राहिला. पुढील तीस वर्षांच्या तर्कवितर्कांचे बीज येथे पडले.

मालिका मात्र इतरांच्या हातून चालू राहिली. १९९७ साली ‘द कर्स ऑफ मंकी आयलंड’ आला; त्यातील चित्रे व्यंगपटासारखी सफाईदार, ठिपके दुपटीहून बारीक, आणि गायब्रश चांगला उंच व लुकडा झालेला. २००० साली ‘एस्केप फ्रॉम मंकी आयलंड’ आला. त्यात सपाट चित्रे गेली, घनाकृती बाहुल्या आल्या, आणि माऊसही गेला. २००९ साली ‘टेल्स ऑफ मंकी आयलंड’ पाच प्रकरणांत निघाला, त्याचे रूप आणखी निराळे होते. त्याच वर्षी पहिल्या खेळाची नवी रंगवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत एक कळ दाबली की नव्या चित्राच्या जागी जुने येई, पुन्हा दाबली की नवे. १९९० ते २००९ या एकोणीस वर्षांत या मालिकेने आपले रूप किती वेळा पालटले, हे आपणच मोजून पाहावे. एकही भाग आपल्या आधीच्या भागासारखा दिसत नाही.

एवढे असूनही, गिल्बर्ट स्वतः जर कधी तिसरा भाग करतील तर तो कसा दिसेल, या प्रश्नाला बहुतेक चाहत्यांचे एकच उत्तर ठरून गेले होते : पहिल्या दोहोंसारखा, ठिपक्यांचा. हे उत्तर निराधार होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चाहत्यांपाशी पुरावा होता, आणि तो प्रत्यक्ष कर्त्याच्या हातचा होता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये लुकासफिल्म ही संस्था विकत घेत असल्याचे डिस्नेने जाहीर केले, आणि एप्रिल २०१३ मध्ये तिचा खेळ तयार करणारा विभाग बंद झाला. त्याच महिन्यात गिल्बर्ट यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. ‘मी आणखी एक मंकी आयलंड केला तर’ अशा आशयाचे त्याचे शीर्षक. त्यात त्यांनी कलमवार सांगितले की, तो खेळ जुन्या वळणाचा असेल. चित्रे कमी ठिपक्यांची पण आजच्या यंत्रांच्या साह्याने प्रकाश, खोली वगैरेंची जोड दिलेली असतील. त्यात नवख्यांसाठी सूचनांची सोय नसेल. आणि खेळाचे हक्क आपल्या मालकीचे झाले तरच आपण तो करू. पुढे २०१७ साली गिल्बर्ट व विनिक यांनी लोकवर्गणीतून ‘थिंबलवीड पार्क’ हा खेळ काढला. तो मुद्दाम जुन्या ठिपक्यांच्या शैलीत होता, आणि त्याची दृश्ये रंगविण्यात मार्क फेरारी यांचा हात होता. झाले! आता कोणाला शंका उरणार? टिपण आणि नमुना, दोन्ही हाती होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावे लागते. टिपणाच्या शीर्षकातच ‘तर’ आहे. अट घालून लिहिलेला कागद म्हणजे करारनामा नव्हे. आणि ज्या काळी तो लिहिला गेला तो काळही पाहावा लागतो. खेळ करण्याची कसलीही आशा नसताना मनुष्य जे बोलतो, ते बरेचसे मनोराज्य असते. घर बांधण्यापूर्वी आपण सारेच प्रशस्त ओसरीच्या गोष्टी करतो. प्रत्यक्ष पाया खणावयाची वेळ आली म्हणजे विचार बदलतात. चाहत्यांनी ‘तर’ गाळून उरलेले वाक्य वाचले, व नऊ वर्षे ते जपून ठेवले.

आता एक दुसरे उदाहरण पाहू. २०१२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये टिम शेफर यांच्या डबल फाइन या संस्थेने याच जातीचा एक खेळ लोकवर्गणीतून करावयाचे ठरविले. मागणी चार लाख डॉलरांची होती. ८७ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ३३ लाख डॉलरांवर रक्कम दिली. त्या वेळी खेळाला नाव नव्हते, कथा नव्हती, दाखवावयास चित्रही नव्हते. पुढे २०१४ साली ‘ब्रोकन एज’ या नावाने त्याचा पहिला भाग आला. त्यातील चित्रे नेथन स्टेपली या चित्रकाराच्या मऊ, रंगाचे हात दिसणाऱ्या शैलीची होती. जुन्या ठिपक्यांचा तेथे मागमूस नव्हता. त्या खेळाविषयी इतर तक्रारी झाल्या. पण ‘आमचे चित्र बदलले’ असे कोणास म्हणता येण्याजोगे नव्हते, कारण आधीचे चित्र कोणाच्याच मनात नव्हते. देणारे तेच, जुन्या खेळांवरील प्रेमही तेच. फरक एवढाच की, तेथे आठवणींना बिलगावयास जागा नव्हती.

आता मुख्य घटनेकडे वळू. १ एप्रिल २०२२ रोजी गिल्बर्ट यांनी आपण आणखी एक मंकी आयलंड करीत असल्याचे लिहिले. तो दिवस एकमेकांना फसविण्याचा. त्यामुळे पुष्कळांना ती थट्टाच वाटली. ४ एप्रिलला खरी घोषणा झाली. खेळाचे नाव ‘रिटर्न टू मंकी आयलंड’. गिल्बर्ट यांच्याबरोबर ग्रॉसमनही लेखक म्हणून होते. आणि काम सुमारे दोन वर्षे गुपचूप चालले होते. पाठोपाठ काही चित्रे दिसली, आणि २८ जूनला हालती चित्रफीत आली.

चित्रे ठिपक्यांची नव्हती. ती रेक्स क्रोल यांच्या नजरेतून साकारली होती. हे मीडिया मॉलिक्यूल या ब्रिटिश संस्थेत ‘टीअरअवे’ या कागदी जगाच्या खेळावर काम केलेले चित्रकार. आकृत्या कात्रीने कापून चिकटविल्यासारख्या, कडा टोकदार, घरे वाकडीतिकडी, रंग गडद. एखाद्या चित्रमय बालपुस्तकाचे पान हालू लागावे तसे ते दिसत होते.

अनेकांना ते आवडले. पण ज्यांना आवडले नाही त्यांचा आवाज मोठा होता. ‘आमच्या बालपणाचा विटाळ केला’ इथपर्यंत काहींचा संताप गेला. टीका चित्रावर थांबली असती तर तक्रार नव्हती. ती माणसांवर घसरली. गिल्बर्ट यांनी उत्तर दिले त्याचा सारांश असा : पहिले दोन खेळ ठिपक्यांची शैली म्हणून केलेलेच नव्हते. त्या काळी जे उत्तमातले उत्तम शक्य होते ते आम्ही केले. १६ रंगांतून २५६ रंगांत जाण्याची संधी मिळताच आम्ही उडी घेतली. रंगवलेली चित्रे संगणकात उतरविता येऊ लागताच ती उतरविली. मी तेव्हा तेथेच राहून तिसरा भाग केला असता, तर तोही दुसऱ्यासारखा दिसला नसता. हे चित्र तुम्हांला हवे होते ते नसेल, पण मला हवे होते ते आहे. आणि त्यांनी एक खंतही बोलून दाखविली. मालक संस्था आपल्याला मनासारखा खेळ करू देणार नाही अशी आपल्याला भीती होती. तिने तर मोकळीक दिली, आणि अडवू पाहत आहेत ते आपले कट्टर चाहतेच, हे पाहून वाईट वाटते.

जूनच्या अखेरीस वैयक्तिक हल्ल्यांना कंटाळून गिल्बर्ट यांनी आपल्या लिखाणाखाली वाचकांना अभिप्राय लिहिण्याची जी सोय होती ती बंद केली, आणि खेळाविषयी तेथे आणखी लिहिणेही थांबविले. ज्या ओसरीवर वर्षानुवर्षे कर्ता आणि चाहते गप्पा मारीत बसत, तिचे दार असे लावले गेले. आमच्या मते या साऱ्या हकीकतीत खरे नुकसान कोणते झाले असेल तर ते हेच. चित्र आज आवडले नाही तर उद्या आवडेल, किंवा कधीच आवडणार नाही. पण तीस वर्षांनी हाती आलेला संवाद तुटला, तो भांडणाऱ्यांचा आणि न भांडणाऱ्यांचाही तुटला.

या चाहत्यांना हसून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. जुनी यंत्रे भंगारात गेल्यावर हे खेळ नव्या यंत्रांवर चालेनासे झाले होते. ते पुन्हा चालावेत म्हणून २००१ साली काही हौशी मंडळींनी ‘स्कमव्हीएम’ नावाची खटपट सुरू केली, व पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ती विनामोबदला वाढविली. कोणत्याही व्यापारी संस्थेने न केलेले जतनाचे काम याच लोकांनी केले. जुने रूप त्यांना प्रिय होते म्हणूनच ते रूप आज पाहावयास मिळते. ज्या प्रेमाने जतन केले त्याच प्रेमाने पुढे अडवणूकही केली, हे खरे. परंतु पहिली गोष्ट विसरून केवळ दुसरीच सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

मग चूक कोठे झाली? आमचे म्हणणे असे की, ते सगळे तर्क भविष्याविषयी आहेत असे वाटत होते, पण वस्तुतः ते भूतकाळाविषयी होते. ‘नवा खेळ कसा दिसेल?’ या प्रश्नाचे उत्तर देताना प्रत्येक जण आपण बारा-चौदा वर्षांचे असताना काय पाहिले होते, ते सांगत होता. आणि ते सांगणेही तंतोतंत नव्हते. ६४,००० ठिपक्यांत गायब्रशचा चेहरा मावेल तरी किती? डोळ्याला एखादा ठिपका, नाकाला एखादा. बाकीचा चेहरा खेळणाऱ्याने आपल्या मनाने पुरा केला होता. म्हणून प्रत्येकाचा गायब्रश निराळा होता, आणि तरी सर्वांना वाटे की आपण एकाच गायब्रशविषयी बोलत आहोत. नव्या चित्रकाराने नाकडोळे स्पष्ट काढले तेव्हा ते बऱ्याच जणांना परके वाटले. यात चित्रकाराचा दोष नव्हता, आणि पाहणाऱ्यांचाही नव्हता.

मालिकेच्या इतिहासात सातत्य कशाचे होते, असे विचाराल तर ते ठिपक्यांचे नव्हते. हातात जे नवे साधन येईल ते घेऊन पुढे जाण्याचे होते. १९९० सालचे रूप ही त्या प्रवासातील एक धर्मशाळा. तेथे आपण सुखाने मुक्काम केला म्हणून प्रवासाने तेथेच संपावे, असा आग्रह धरता येत नाही. याउलट, नव्या रूपाचे कर्तेपण मूळ कर्त्याकडे असले म्हणजे ते आवडलेच पाहिजे, अशीही सक्ती नाही. नापसंती हा रसिकाचा हक्क आहे. फक्त ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘तुला हे करण्याचा अधिकार नाही’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते ओळखावे लागते. २०२२ च्या उन्हाळ्यात पुष्कळांचे ते अंतर सुटले.

१९ सप्टेंबर २०२२ रोजी खेळ प्रसिद्ध झाला. समीक्षकांनी त्याचे चांगले स्वागत केले. गंमत अशी की, २०१३ च्या टिपणातील जी कलमे आम्ही वर सांगितली, ती सर्वच उलटी झाली होती. चित्रे ठिपक्यांची नव्हती. अडलेल्या खेळणाऱ्यासाठी आत सूचनांची एक वहीच ठेवली होती. आणि हक्क गिल्बर्ट यांच्या मालकीचे नव्हते, डिस्नेकडेच होते. मग टिपणातले काय टिकले? दुसऱ्या खेळाच्या त्या विलक्षण शेवटापासून कथा पुढे सुरू करण्याची इच्छा टिकली. नवा खेळ बरोबर तेथूनच सुरू होतो : करमणुकीच्या बागेत मुले चाच्यांचा खेळ खेळत आहेत, आणि लवकरच कळते की एक बाप आपल्या मुलाला जुनी गोष्ट सांगत आहे. पुढची कथा सांगून आम्ही कोणाच्या रंगाचा बेरंग करीत नाही. पण चाळिशीच्या खेळणाऱ्याला आपल्या आठवणी किती खऱ्या व किती रचलेल्या, असे विचारणारा तो खेळ आहे, एवढे सांगावयास हरकत नसावी. ज्या प्रश्नावरून बाहेर इतका कलह माजला, तोच प्रश्न आत कथेत शांतपणे मांडलेला होता. आणि भांडण झाले तेव्हा तो कोणीच वाचलेला नव्हता.

श्रोतेहो, आपल्या आवडीच्या कोणत्याही गोष्टीचा नवा अवतार येणार असे कानावर आले, की आपणही मनात चित्र रंगवू लागणारच. ते रंगवावे; त्यात आनंद आहे. फक्त पडदा वर जाण्याच्या क्षणी आपले चित्र क्षणभर बाजूला ठेवावे, समोरचे पूर्ण पाहावे, आणि मग काय ते परखडपणे बोलावे. जुने कोठे जात नाही. पहिला खेळ आजही त्याच ६४,००० ठिपक्यांत उघडतो, आणि मेले बेटावर तीच रात्र असते.